ससूनचं वाचनालय आणि आपली अभ्यासिका

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव 'उद्योजक आणि समाजकार्य' असं छापलंय. पण गेला महिनाभर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाललेला वाद मीही वाचतोय, त्यामुळे आडवळणानं बोलत नाही. मोहल्ल्यात अभ्यासिका हवी आहे. एका बिल्डरनं तयार हॉल, एसी आणि ऐंशी खुर्च्या देऊ केल्यात. अटी दोन. दारावर त्यांच्या वडिलांचं नाव, आणि समितीत त्यांची दोन माणसं. निम्मे म्हणतात, घेऊन टाका, पोरं जिन्यावर बसून अभ्यास करतायत. निम्मे म्हणतात, हा पैसा कुठून आला ते आपल्याला ठाऊक आहे, चाळी रिकाम्या करून आलाय. दोन्ही बाजूंना माझे मित्र आहेत.

त्या बिल्डरवर मी आज काही बोलणार नाही. मी बोलणार आहे बाहेरून मुंबईत आलेल्या एका व्यापाऱ्याबद्दल. त्याच्या पैशावर उभं राहिलेलं वाचनालय, शाळा, दवाखाना लोक आजही वापरतात, आणि त्याच्या पैशाबद्दलही नेमका हाच प्रश्न विचारता येतो. फरक एवढाच की तिथं दीडशे वर्षांत पुढे काय झालं ते आपल्याला दिसतं.

पुण्यात कुणाला अपघात झाला की आपण म्हणतो, 'ससूनला नेलंय.' मुंबईत मासळी कुठून आणली विचारलं तर उत्तर येतं, 'ससून डॉकवरनं.' ससून हे एखाद्या घराण्याचं नाव आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या ऑफिसातल्या एका पुणेकर सहकाऱ्याला तो इंग्रजी शब्द वाटत होता. तो हिब्रू आहे, आणि आपल्याकडे आला बगदादहून.

डेविड ससून यांचा जन्म बगदादमध्ये १७९२ चा. घराणं ज्यू, भाषा अरबी. वडील शेख सालेह हे तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख आणि उस्मानी सुभेदारांचे खजिनदार. दाऊद पाशा नावाचा सुभेदार आला आणि ज्यूंवर वसुलीचा, छळाचा वरवंटा फिरला. डेविड ससून बसरामार्गे इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला पळाले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत उतरले. कोटाच्या अस्तरात मोती शिवून आणले होते, अशी गोष्ट सांगतात. अशा गोष्टी प्रत्येक श्रीमंत माणसाच्या मागे चिकटतातच, तिच्यावर फार वेळ घालवू नका. महत्त्वाचं हे की वयाच्या चाळिशीत, आठ मुलगे पुढेमागे होणार असलेला हा माणूस निर्वासित म्हणून या शहरात आला.

निर्वासित. आज हा शब्द टीव्हीवर कसा उच्चारला जातो ते तुम्ही ऐकता, म्हणून मुद्दाम वापरला.

त्यांना अरबी, हिब्रू, फारसी, तुर्की येत होतं. हिंदुस्थानी मुंबईत शिकले. इंग्रजी शेवटपर्यंत नीट आली नाही. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेताना त्यांनी सही केली ती हिब्रू अक्षरांत. कपडे बगदादी, डोक्याला फेटा. वाचनालयात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, थॉमस वुलनर या इंग्रज शिल्पकाराचा. तो बघितला तर पहिल्यांदा जाणाऱ्याला एखादा अरब शेखच उभा आहे असं वाटतं. नव्या शहरात मिसळण्यासाठी या पिढीनं स्वतःला पुसून टाकलं नाही. पुढच्या पिढीत अब्दुल्लाचे आल्बर्ट झाले आणि लंडनला गेले, तो भाग वेगळा.

आता वाचनालय. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजला लागून पिवळट मालाडी दगडाची इमारत आहे, कमानीवर त्यांचा चेहरा कोरलेला. आत उंच छताची वाचनाची खोली, गच्चीवर लांबलचक आरामखुर्च्या, मागे बाग. काळा घोडा महोत्सवात साहित्याचे कार्यक्रम त्या बागेत होतात, तुमच्यातले काही गेलेही असतील. नाव आहे 'डेविड ससून लायब्ररी अँड रीडिंग रूम'. त्यामुळे आपली समजूत अशी होते की एका दानशूराच्या मनात आलं आणि वाचनालय झालं.

तसं झालं नाही. सुरुवात १८४७ ची. सरकारी टांकसाळ आणि सरकारी गोदी इथं काम करणाऱ्या मेकॅनिक लोकांनी आणि फोरमननी मिळून एक संस्था काढली, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. इंग्लंडमध्ये १८२० च्या दशकापासून अशा संस्था निघत होत्या. दिवसा यंत्रावर काम करायचं, संध्याकाळी पुस्तकं वाचायची, यंत्रशास्त्रावर व्याख्यानं ऐकायची, त्यासाठी सगळ्यांनी वर्गणी काढायची. मुंबईतल्या लोकांनी तेच केलं. तेव्हा वाफेचं इंजिन ही सगळ्यात नवी गोष्ट होती. आज आपण लॅपटॉप उघडून नवी प्रोग्रामिंग भाषा शिकतो, तसे ते पिस्टन आणि बॉयलर शिकत होते. मला इंजिनिअर म्हणून या वाचनालयाबद्दल जिव्हाळा वाटतो तो ससून यांच्यामुळे नाही, या लोकांमुळे. त्यांची नावं कमानीवर नाहीत.

स्वतःच्या इमारतीची वेळ आली तेव्हा ससून यांचा पैसा आला. कल्पना मुलाची, आल्बर्ट यांची, असं सांगतात. इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. डेविड ससून तोवर हयात नव्हते, १८६४ मध्ये ते पुण्यात वारले होते. खर्च सव्वा लाख रुपये. त्यातले ससून यांचे साठ हजार. बाकी पासष्ट हजार मुंबई इलाख्याच्या सरकारनं घातले, म्हणजे लोकांच्या करातून आले.

हिशेब करा. अठ्ठेचाळीस टक्के. निम्म्यापेक्षाही कमी पैसे देऊन पूर्ण नाव मिळालं. ससून यांना मी कमी लेखत नाही, त्या काळी साठ हजार ही प्रचंड रक्कम होती. पण देणगीची पाटी कधी खर्चाचा ताळेबंद नसते. आपण पाटी वाचतो आणि ताळेबंद विसरतो. आमच्या क्षेत्रात हे रोज दिसतं. चार-पाच माणसं रात्री जागून एखादं मुक्त सॉफ्टवेअर उभं करतात, दहा वर्षं सांभाळतात, मग एक मोठी कंपनी पैसे देते आणि जगाला ते तिचंच वाटायला लागतं.

देण्याची या माणसाची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे. जोसेफ ससून नावाचे इतिहासकार आहेत, त्याच घराण्याच्या वेलीवरचे. कंपनीची जुनी पत्रं जेरुसलेमला राष्ट्रीय ग्रंथालयात पडून होती. भाषा बगदादी ज्यूंची अरबी आणि अक्षरं हिब्रू, त्यामुळे फारसं कुणी वाचलेली नव्हती. यांनी ती वाचून २०२२ मध्ये घराण्याचा इतिहास लिहिला. त्यात एक गोष्ट अशी की कंपनीच्या प्रत्येक व्यवहारावर पाव टक्का दानाच्या खात्यात जायचा. खरेदी असो, विक्री असो, कापूस असो, नीळ असो. लाखाचा सौदा झाला की अडीचशे रुपये बाजूला. मालकाचा मूड चांगला आहे का, समोर मागणारा कोण आहे, याचा संबंध नाही. हिब्रूत दानाला जो शब्द आहे तो आणि आपला 'सदका', दोन्ही एकाच धातूतून आले आहेत.

ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती यंत्रणा आहे. आपल्याकडे दान बहुतेक वेळा प्रसंगानं होतं. रमजान आला, कुणी आजारी पडलं, पूर आला, एक भावनिक ऑडिओ फिरला की पैसे गोळा होतात. आणि ऑगस्टमध्ये अभ्यासिकेचं वीजबिल भरायला कुणी नसतं. पाव टक्क्याला भावना लागत नाही. वहीत एक रकाना लागतो.

पहिला पैसा त्यांनी आपल्याच लोकांना दिला. बगदाद, बसरा इथून येणाऱ्या ज्यू मुलांना कामावर घेतलं, त्यांच्यासाठी शाळा काढली, तिथं हिब्रू आणि अरबीबरोबर इंग्रजी शिकवत. भायखळ्याला सिनेगॉग बांधलं. पुण्यात लाल विटांचं दुसरं बांधलं, त्याला पुणेकर आजही 'लाल देऊळ' म्हणतात आणि डेविड ससून यांची कबर तिथंच आहे. पण ते तिथं थांबले नाहीत. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी हातकाम शिकवणारी शाळा त्यांच्या नावानं चालली, ती आज माहीमला आहे. पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं, आणि पुढे बी. जे. मेडिकलची पोरं तिथं डॉक्टर व्हायला लागली. राणीच्या बागेत जे संग्रहालय आहे, आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, त्याच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट यांच्यासोबत ससून यांचाही पैसा आहे. बागेच्या दाराशी असलेला घड्याळाचा मनोरा त्यांचाच. नातू जेकब यांनी 'इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स'साठी पैसे दिले. ती इमारत चार देणगीदारांची: पारशी कावसजी जहांगीर, ज्यू जेकब ससून, खोजा मुसलमान करीमभाई इब्राहिम आणि हिंदू वसनजी मुळजी. त्याच संकुलातल्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. विज्ञान एका बाजूला, चित्रं दुसऱ्या बाजूला, आणि पैसा चार धर्मांचा. कधी तिकडे गेलात तर दोन्ही बघा.

इथपर्यंत भाषण छान चाललंय. आता अफू.

ससून यांच्या संपत्तीचा मोठा हिस्सा अफूतून आला. यात कुजबूज करण्यासारखं काही नाही, उघड इतिहास आहे. माळव्यात, इंदूर-ग्वाल्हेरकडच्या संस्थानांत खसखशीची शेती व्हायची, माल मुंबईला यायचा, इंग्रज सरकार त्यावर पास-फी घ्यायचं आणि व्यापारी तो जहाजानं चीनला पाठवायचे. चीनच्या बादशहानं बंदी घातली होती. १८३९ मध्ये त्याच्या अधिकाऱ्यांनी माल जप्त करून नष्ट केला, तर इंग्रजांनी युद्ध केलं, १८४२ मध्ये नानकिंगचा तह लादला, हाँगकाँग घेतलं आणि बंदरं उघडली. दोन वर्षांनी डेविड ससून यांचा मुलगा एलियास चीनला जाऊन बसला. पुढच्या काही दशकांत या व्यापारातली सगळ्यात बलाढ्य पेढी ससून यांची होती. ते अफू पिकवत नव्हते, ओढत नव्हते, जबरदस्तीनं कुणाला पाजत नव्हते. कायद्यानं सगळं चोख. पाव टक्का त्या सौद्यावरही निघत होता.

म्हणजे ज्या वहीचं मी आत्ता कौतुक केलं, तीच ही वही.

आणि यात एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. नुकसान एका गावात आणि दान दुसऱ्या गावात. चीनमधल्या ज्या घरातला कमावता माणूस अफूच्या अड्ड्यावर पडून राहिला, त्या घराच्या वाट्याला काळा घोड्याच्या बागेतली आरामखुर्ची आली नाही. मुंबईनं फक्त वाचनालय बघितलं. दानशूर माणूस आणि अफूचा व्यापारी एकच आहे हे समजायला समुद्र ओलांडायला लागत होता, म्हणून कुणी तो प्रश्न फारसा विचारला नाही.

कुणी म्हणेल, ज्यू होता ना, मग काय अपेक्षा! असले मेसेज आपल्या ग्रुपवर येतात, म्हणून स्पष्ट बोलतो. ही घाण आपल्या डोक्यातून काढून टाका. चीनच्या अफू-कापसाच्या व्यापारातलं त्या आधीचं सगळ्यात मोठं नाव पारशी होतं, सर जमशेदजी जीजीभाई. जे. जे. हॉस्पिटल त्यांचं. जे. जे. कलाशाळा, जिथून महाराष्ट्राच्या चित्रकारांच्या पिढ्या बाहेर पडल्या, ती १८५७ मध्ये त्यांच्या लाखभर रुपयांच्या देणगीतून सुरू झाली. आणि जमशेदजींचे भागीदार कोण? एक जैन, मोतीचंद अमीचंद. एक गोव्याचे ख्रिश्चन, रोजेरिओ द फारिया. आणि एक कोकणी मुसलमान, मोहम्मद अली रोघे. आपलेच. रायगड-रत्नागिरीकडची पोरं इथं बसली आहेत, त्यांना हे नाव घरात ऐकलेलं असेल. याच घराण्यातले, याच नावाचे नाखुदा मोहम्मद अली रोघे हे बद्रुद्दीन तैयबजींबरोबर १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत होते. अंजुमनमध्ये अफूचा पैसा आला असं मी म्हणत नाही, घराणं तेच एवढंच सांगतो. विज्ञान संस्थेचे जे करीमभाई इब्राहिम मी मघाशी सांगितले, त्यांची पेढीही चीनला अफू पाठवणाऱ्यांतली होती.

तेव्हाची मुंबई कुणा एका जमातीच्या पापावर उभी राहिलेली नाही. सगळ्यांनी मिळून ते केलं, आणि सगळ्यांनी मिळून त्यातून शाळा, दवाखाने, कलाशाळा बांधल्या. त्यात शिकलेली माणसं पुढे सरकारविरुद्धही उभी राहिली.

मग त्या वाचनालयात बसायचं की नाही? फतवा मी देणार नाही, मी कोड लिहिणारा माणूस आहे. माझं स्वतःचं मत सांगतो. बसायचं. पुस्तक उघडायचं. आणि कुणी पुतळ्याकडे बोट दाखवून विचारलं तर अफूसकट पूर्ण गोष्ट सांगायची. न बसण्यानं चीनमधल्या त्या घराला काही मिळत नाही. न सांगण्यानं मात्र त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

पण हे झालं मेलेल्या दात्याबद्दल. समोर बसलेल्या जिवंत दात्याचं गणित वेगळं आहे, कारण त्याचा धंदा अजून चालू आहे आणि आपली पाटी त्या धंद्याला उपयोगी पडते. ससून यांच्याकडेच बघा. ते सगळंच निरपेक्ष देत नव्हते. १८५७ च्या उठावात ते ठामपणे इंग्रजांच्या बाजूला उभे राहिले. राणीच्या नवऱ्याचा, प्रिन्स आल्बर्टचा पुतळा त्यांनी संग्रहालयासाठी करवला. परक्या शहरात आलेल्या निर्वासिताला राज्यकर्त्यांची मर्जी हवी असते हे मी समजू शकतो. अल्पसंख्याक व्यापाऱ्याला ती आजही हवी असते, तुम्ही आजूबाजूला बघता. मुलानं तर प्रिन्स ऑफ वेल्सचा घोड्यावरचा भलामोठा पुतळा शहराला दिला, १८७९ मध्ये. आल्बर्ट ससून आधीच 'सर' झाले होते, पुढे बॅरोनेट झाले. त्या पुतळ्याचा घोडा काळा, म्हणून भागाचं नाव काळा घोडा.

१९६५ मध्ये तो पुतळा उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. राजपुत्राचं नाव कुणी घेत नाही. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर स्वारच नाही. राज्यकर्त्यांना खूश करायला दिलेली देणगी अशी रिकाम्या पाठीनं उभी आहे, आणि शंभर पावलांवर वाचनालयात कुणीतरी वकिलीच्या परीक्षेची उजळणी करतंय.

वाचनालय टिकलं कसं, हा मला इंजिनिअर म्हणून खरा रस असलेला प्रश्न. ससून घराणं मुंबईतून हळूहळू निघून गेलं. काही लंडनला, काही शांघायला. विसाव्या शतकात त्यांच्या गिरण्याही विकल्या गेल्या. म्हणजे दाता गेला, त्याची मुलं गेली, त्याचा धंदा गेला, त्याचं सरकारही गेलं. राहिले सभासद. वर्गणी भरणारे, व्यवस्थापन समितीत भांडणारे, पंखा बंद पडला म्हणून तक्रार करणारे. मधल्या काळात मूळ उतरतं छप्पर जाऊन वर काँक्रीटचा स्लॅब आला, इमारतीची रया गेली. २०२३ मध्ये मोठा जीर्णोद्धार पूर्ण झाला, छप्पर पुन्हा उतरतं केलं. त्यासाठी कंपन्यांकडून आणि व्यक्तींकडून नव्यानं देणग्या घ्याव्या लागल्या. म्हणजे दीडशे वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग: आधीपासून चालू असलेली संस्था आणि तिच्याकडे आलेला पैसा.

हा क्रम मी तुमच्यासमोर ठेवतोय. मेकॅनिक १८४७, देणगी त्यानंतर. संस्थेचे नियम, सभासद, वर्गणी आधीच होती, म्हणून साठ हजार रुपयांना नाव मिळालं पण वाचनालय ससून यांच्या पेढीची शाखा झालं नाही. हाच पैसा कुणीही नसलेल्या रिकाम्या जागेवर पडला असता तर पेढीबरोबर तेही आवरलं गेलं असतं. आपल्याकडे अशा किती इमारती आहेत सांगा. बाहेर संगमरवरी पाटी, आत लग्नाच्या हॉलचं बुकिंग. वक्फच्या जमिनींचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. देणाऱ्याची नियत उत्तम होती, पुढे सांभाळणारे लोक नव्हते किंवा होते ते भलतेच.

म्हणून आपल्या अभ्यासिकेबद्दल मला विचारलंत तर मी आज बिल्डरला हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. आज आपल्याकडे हो किंवा नाही म्हणायला संस्थाच नाही, ग्रुप आहे. आधी संस्था करू. शाळेची खोली संध्याकाळी सहानंतर रिकामी असते, मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, भाडं नाममात्र. पंचवीस खुर्च्या जमतील. एसी नाही, दोन पंखे आहेत. मुलींसाठी वेळ नऊपर्यंतच का आणि मुलांना अकरापर्यंत का, हा वाद होणारच आहे, तोही आपणच घालू आणि आपणच मिटवू, समितीत निम्म्या मुली असतील तर लवकर मिटेल. आयटीत, बँकेत, शाळेत नोकरी करणारे आपण इथं तीस-पस्तीस जण आहोत. पगारावर पाव टक्का काढा. चाळीस हजार पगार असेल तर महिन्याला शंभर रुपये होतात. त्यात वीज, झाडलोट, वर्तमानपत्रं आणि स्पर्धा परीक्षेची मासिकं सहज निघतील. ऑटो-डेबिट लावा, म्हणजे कुणाला कुणाच्या मागे लागायला नको. मीही लावलंय.

वर्षभर हे चालवून दाखवू. मग बिल्डर असो, आमदार असो, आखातातला कुणी चाचा असो, त्याच्याशी बोलायला आपल्याकडे हजेरीची वही असेल, हिशेब असेल, नियम असतील. नावाबद्दल मी फार ताठर नाही. वडिलांचं नाव लावायची इच्छा माणसाला असते, लावू द्या, पाटी भिंतीवर असते. समितीत माणसं मात्र नाहीत. किल्ली द्यायची नाही. आणि पैसा कुठून आला हे त्यालाच समोर बसवून विचारायचं, ज्या चाळीबद्दल बोललं जातंय तिथले भाडेकरू आपल्यापासून समुद्रापार नाहीत, दोन गल्ल्या सोडून भाड्यानं राहतायत. त्यांचं येणं बाकी असेल तर पहिले पैसे तिकडे गेले पाहिजेत, खुर्च्यांकडे नंतर. हे त्याला मान्य नसेल तर एसी नको. तो रागावून निघून गेला तर आपल्या पंचवीस खुर्च्या जागेवर असतील.

तुमच्यातल्या काहींना हे अव्यवहारी वाटेल. पोरांची परीक्षा या वर्षी आहे, वर्षभर कोण थांबणार, असं एका ताईंनी ग्रुपवर लिहिलं होतं. बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच शाळेची खोली पुढच्या सोमवारपासून घेतोय, वर्षानं नाही.

दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, महिन्याची रक्कम आणि आठवड्यातला कुठला एक दिवस किल्ली सांभाळू शकता, असे तीन रकाने आहेत. तिसरा रकाना अजून रिकामा आहे. आता प्रश्न विचारा. ग्रुपवर जे माझ्याविरुद्ध लिहीत होते त्यांनी आधी विचारावं.